जमालपूरची गोळी: एका फौजी वहीचं पुस्तक होताना

पार्श्वभूमी

मी इंदुरात घरगुती पुस्तकं करून देते. कुणाच्या आईच्या कविता, कुणाच्या वडिलांची नर्मदा परिक्रमा, कुणाचा कुलवृत्तान्त. शे-दीडशे प्रती काढायच्या आणि नातेवाइकांत वाटायच्या. २०२१ च्या फेब्रुवारीत सुदामानगरातून एका सूनबाईंचा फोन आला, "सासऱ्यांच्या वह्या आहेत, लढाईच्या. सोळा डिसेंबरला पुस्तक हातात हवं." त्या वर्षी १९७१ च्या युद्धाला पन्नास वर्षं होत होती.

घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच. मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९६४ साली बेळगावच्या सेंटरवर भरती झाले आणि तिथून मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत गेले. ही पलटण १७६८ साली उभी राहिलेली, फौजेत तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. नोकरीच्या शेवटी इंदूरजवळच्या महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून बदली झाली. हवालदार म्हणून पेन्शनवर आले ते गावी गेलेच नाहीत. इंदुरात प्लॉट घेतला, एका बँकेत गार्डची नोकरी केली, मुलं इथेच वाढली.

१९९९ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर कारगिल सुरू झालं आणि आबांनी लिहायला घेतलं. चार वर्षांत चार वह्या झाल्या. तीन दोनशेपानी, चौथी बँकेची जुनी डायरी. कागदाच्या दोन्ही बाजूंना बॉलपेनने इतकं दाबून लिहिलेलं, की पानावरून बोट फिरवलं तर मागच्या पानावरची अक्षरं हाताला लागतात. भाषा साताऱ्याची, मध्येमध्ये फौजी हिंदी: नफरी (माणसांची संख्या), पिट्ठू (पाठीवरची पिशवी), मोर्चा (लढायचा खंदक), लंगर (फौजी स्वयंपाकघर). कुठे कुठे ‘आम्ही जाऊन राहिलो होतो’ असं अस्सल इंदुरी. थोरल्या चिरंजीवांना ती भाषा ‘जरा नीट’ करून हवी होती. मी नकार दिला, आणि ते एका बैठकीत मिटलं. वाद झाला तो वेगळ्याच जागी.

जमालपूर, थोडक्यात

पुढचं समजायला एवढं माहीत हवं. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड उत्तरेकडून ढाक्याच्या दिशेने उतरत होती. वाटेत जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूरचं पाकिस्तानी ठाणं होतं. तिथे ३१ बलूच पलटण, तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. आपल्या फौजेने नदी ओलांडून ठाण्याच्या मागचा रस्ता अडवला. रस्ता अडवणाऱ्यांत पहिली मराठा, म्हणजे आबांची पलटण होती, तिचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार.

९ डिसेंबरला क्लेर यांनी मुक्तिबाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, माणसाबरोबर शरणागतीची चिठ्ठी पाठवली. सुलतान अहमद यांचं उत्तर आलं ते फार गाजलं: पुढच्या वेळी तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसेल अशी आशा करतो, या अर्थाचं पत्र आणि सोबत एक गोळी. १० च्या रात्री ठाण्यातल्या सैन्याने वेढा फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि ते मराठ्यांच्या मोर्चांसमोर आले. ११ ला सकाळी जमालपूर शरण आलं. त्याच दिवशी संध्याकाळी टांगाइलजवळ २ पॅरा ही पॅराशूट पलटण छत्रीने उतरली, आणि दुसऱ्या दिवशी पहिली मराठा तिला जाऊन मिळाली. २ पॅरा म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा. आबांच्या वहीत या भेटीबद्दल एकच वाक्य आहे: "अंधारात समोरून मराठीत शिवी आली तेव्हा जीव भांड्यात पडला."

आबा तेव्हा लान्स नाईक, सेक्शनची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, त्यांच्याकडे. त्या रात्रीची सव्वीस पानं हा पुस्तकाचा गाभा होता. तापलेली बॅरल बदलताना त्यांनी मूठ सोडून चुकून नळीच धरली आणि हात सोलून निघाला, असं त्यांनी लिहिलंय. पहिल्या भेटीत त्यांनी डावा तळवा माझ्यासमोर धरला. अंगठ्याखाली रुपयाएवढा गुळगुळीत, रेषा नसलेला डाग आहे.

अडचण

त्याच सव्वीस पानांत तिसऱ्या पानावर हे होतं: "ती गोळी ब्रिगेडियर साहेबांनी आम्हाला दाखवली. मी हातात घेऊन बघितली. पितळ चकचकीत होतं."

मला ते खटकलं. अशी चिठ्ठी ब्रिगेडियरच्या हाती जाते. ऐन वेढ्यात, मोर्चातल्या लान्स नाईकाच्या हातात ती गोळी कशी येईल? अगदी अशक्य नाही, पण वहीतल्या बाकीच्या मजकुराशी ते जुळत नव्हतं. इतर ठिकाणी आबा फार काटेकोर आहेत. दिसलं ते दिसलं म्हणतात, ऐकलं ते ‘असं म्हणत होते’ म्हणतात. ब्रिगेडियर साहेब उभ्या वहीत फक्त या एका ओळीत येतात. त्यातून गोळीचा हा किस्सा गेली पन्नास वर्षं रविवारच्या पुरवण्यांत, भाषणांत, विजय दिवसाच्या कार्यक्रमांत सारखा सांगितला गेलाय. आबांनी वही लिहिली ती घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

दुसरीकडे चिरंजीवांना हीच ओळ सगळ्यांत प्यारी होती. ती मागच्या कव्हरवर छापायची, पाहुण्यांनी भाषणात तीच वाचायची, असं ठरलंही होतं.

तारखांच्या चुकाही होत्या. वहीत जमालपूर एक दिवस आधी पडलं होतं, छत्रीवाले दोन दिवस उशिरा उतरले होते. त्यांचा त्रास नव्हता. तारीख दुरुस्त करून तळटीप दिली की झालं, आबांचीही हरकत नव्हती. "तारखा माझ्या कधीच पाठ नव्हत्या, लग्नाचीसुद्धा," म्हणाले. पण ‘मी हातात घेतली’ ही तारीख नव्हे.

समोर कोणते मार्ग होते

जसं आहे तसं छापणं सर्वांत सोपं होतं. घरगुती पुस्तक, दीडशे प्रती, कोण तपासणार? पण पलटणीतले आबांचे सोबती हयात आहेत आणि पुस्तक त्यांच्याकडे आधी जाणार होतं. त्यांच्यातल्या एकाने जरी म्हटलं, ‘हा कुठे होता तेव्हा?’ तर उरलेल्या पंचवीस पानांवरचा विश्वासही उडाला असता.

ओळ काढून टाकता आली असती. पण मग वहीचा मालक कोण, हा प्रश्न. खाली संपादकाची टीप देऊन शंका नोंदवणं हे पुस्तकी दृष्टीने बरोबर. पण ते नातवंडांसमोर आजोबांना खोटं पाडणं होतं. चौथा मार्ग थेट आबांशी बोलायचा. पंचाहत्तरीच्या माणसाला, ज्याच्या तळहातावर त्या रात्रीचा डाग आहे त्याला, मी इंदुरातल्या रामबागेत खुर्चीत बसून विचारायचं की तुम्ही हे खरंच पाहिलंत का? माझी जीभ रेटेना.

मी काय केलं

जे करायला नको होतं ते. टाइप करताना मी गुपचूप बदल केला. ‘मी हातात घेऊन बघितली’च्या जागी ‘अशी गोळी आल्याचं आम्ही ऐकलं’ घातलं, पितळ काढलं, आणि कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, साडेतीनशे पानांत एका ओळीकडे कोण बघतं.

पहिलं प्रूफ जुलैत गेलं. इथे एक छापखान्याचा किस्सा. आमच्याकडचे ऑपरेटर हिंदीवाले, त्यांच्या बोटांना ‘ळ’ची सवय नसते. पहिल्या प्रुफात सगळीकडे ‘गोळी’ची ‘गोली’ झालेली आणि ‘वेळ’ची ‘वेल’. त्यामुळे आबा भिंग घेऊन एकेक ‘ळ’ तपासायला बसले. मी बदललेल्या ओळीत नेमकी ‘गोली’ होती.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा फोन. "ताई, आबा फार चिडून राहिलेत. तुम्ही येता का?"

मी गेले तेव्हा प्रूफ टीपॉयवर ठेवलेलं होतं, त्यावर भिंग. आबा आवाज चढवून बोलले नाहीत. "ताई, ही वही माझी का तुमची?" एवढंच विचारलं. मी सांगायला लागले की, मला वाटलं... तर म्हणाले, "वाटलं तर विचारायचं." आणि उठून आत गेले. त्यानंतर तीन आठवडे काम बंद.

त्याच काळात चिरंजीवांनी आणखी एक धास्ती घेतली. मे महिन्याच्या शेवटी निवृत्तांच्या लिखाणाबद्दल पेन्शनचे नवे नियम आल्याची बातमी त्यांनी वाचली होती. वडिलांचं पेन्शन अडकेल का? हे लवकर सुटलं. तो नियम माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांसाठी आहे, आणि भूदल त्या यादीत नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अर्थातच सगळ्यांना लागू. म्हणून महूच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना मजकूर वाचायला दिला. त्यांनी एकही ओळ काढायला सांगितली नाही. उलट एका जागी पेन्सिलीने लिहिलं, ‘चहा नव्हता, नुसतं गरम पाणी होतं’, आणि पुढे स्वतःचीच सही ठोकली.

ट्रंक

सूनबाई फोटो शोधत होत्या. गावचं घर उतरवलं तेव्हा आलेली एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, त्यात आबांच्या वडिलांचे कागद: सातबारा, सोसायटीच्या पावत्या, आणि दोरीत ओवलेली अकरा पत्रं. पाठवणाऱ्याचा पत्ता ‘मार्फत ९९ एपीओ’, म्हणजे फौजी टपाल कचेरी. पूर्व आघाडीवरची सगळी डाक याच नंबराने जायची. ही पत्रं आबांनी धाडली ती वडिलांना. ती जपून ठेवलेली असतील हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दहा पत्रांत खुशालीपलीकडे काही नाही. अकरावं १९ डिसेंबर १९७१ चं. घरच्यांच्या परवानगीने त्यातला तुकडा देते:

"तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. लढाई संपली. हाताला थोडं भाजलं होतं ते बरं आहे, आईला सांगू नये. लंगरात पोरं सांगत होती की दुश्मनाच्या कर्नलनं आपल्या ब्रिगेडियर साहेबांना चिठ्ठीतून गोळी धाडली होती. खरं खोटं देव जाणे. तांबड्या बैलाच्या खुराचं काय झालं ते कळवावे."

सूनबाईंनी ते मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आता काय करायचं?’ या वेळी मी उत्तर दिलं नाही, उठून गेले. ते पत्र आबांना कोणी वाचून दाखवायचं यावर स्वयंपाकघरात आमची कुजबुज झाली. चिरंजीवांचं म्हणणं, दाखवूच नका. सूनबाई म्हणाल्या, पत्र त्यांचं आहे, त्यांच्या हातात द्या. तेच केलं.

आबांनी भिंगातून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बैलाच्या ओळीवर थांबले. "तो बैल नंतर विकला," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण ताई, मला ती गोळी दिसते. आत्ता दिसते. पितळ दिसतं."

यावर मी काही बोलले नाही, आणि या सबंध कामात मी एवढी एक गोष्ट वेळेवर बरोबर केली असं मला वाटतं. कारण पुढचं त्यांनीच सांगितलं: चार दिवसांनी बोलावून घेतलं आणि लिहून घ्या म्हणाले. मूळ ओळ वहीत आहे तशी राहील. समोरच्या पानावर पत्राचा फोटो. आणि त्याखाली त्यांचे शब्द: "वही लिहिताना मला वाटलं मी गोळी पाहिली. पत्रात दिसतं की मी ती ऐकली. दोन्ही माझंच लिखाण आहे. पत्र जवळच्या दिवसाचं आहे म्हणून ते खरं धरावं."

मागच्या कव्हरवर गोळीच्या ओळीऐवजी तांबड्या बैलाची ओळ गेली. चिरंजीव दोन दिवस नाराज होते.

दुसरी अडचण: दोस्त

हे अवघड प्रकरण, आणि याबद्दल मी अजूनही स्वस्थ नाही. चौथ्या वहीत आबांनी एका दोस्ताच्या मृत्यूबद्दल लिहिलंय. नाव, गाव, लढाई, तिन्ही इथे देत नाही. नंतर सुट्टीवर गेल्यावर आबा त्याच्या घरी गेले आणि आईला, बायकोला सांगितलं की तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही. वहीत लिहिलंय ते वेगळं. तो पहाटेपर्यंत जिवंत होता, पाणी मागत होता, आणि मधल्या मोकळ्या जागेतून त्याच्यापर्यंत कुणाला जाता येत नव्हतं. पुढे लिहिलंय, "वहिनींना मी खोटं सांगितलं. ते खोटं मी आजवर मागे घेतलं नाही."

त्या वहिनी हयात होत्या.

नाव बदलायचं, हा चिरंजीवांचा उपाय. पण त्या गावात त्या साली शहीद झालेला एकच माणूस, नाव बदलून कुणाला फसवणार? अनेक फौजी आठवणींत मेलेल्या सोबत्यांची नावं अभिमानाने येतात, आणि ते योग्यच. पण घरच्यांना तेव्हा काय सांगितलं गेलं होतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आणि वाचणाऱ्याला नसतं. आबांना स्वतः जाऊन सांगायचं होतं. गुडघे, करोना, साताऱ्यापर्यंतचा प्रवास, जमलं नाही. फोनवर सांगायला त्यांनी साफ नकार दिला. "असलं फोनवर सांगत्यात होय?"

मी सुचवलं की हे प्रकरण छापील पुस्तकातून वगळावं. ते टाइप करून दोन प्रती पाकिटात घालाव्यात आणि पाकीट ट्रंकेत ठेवावं. आबा हो म्हणाले, पण मनापासून नाही. पुस्तकात दोस्ताचं नाव एका ग्रुप फोटोखाली आणि मजकुरात एका ओळीत आलं.

निष्पत्ती

१६ डिसेंबर हुकला. पुस्तक मार्च २०२२ मध्ये आलं, दीडशे प्रती. कार्यक्रम झाला नाही. घरीच पंधरा-वीस माणसं, पोहे आणि जिलबी. पलटणीतल्या सोबत्यांकडे बावीस प्रती गेल्या. त्यांतल्या दोघांचे फोन आले आणि दोघेही गोळीच्या पानाबद्दलच बोलले. एकाने सांगितलं, "मलाही वाटायचं मी पाहिली होती."

वेगळं काय करता आलं असतं

कागद आधी मागायला हवे होते. मी पहिल्या दिवशी वह्या आणि फोटो मागितले. पत्रं, पेबुक (पगाराची फौजी वही), डिस्चार्जचे कागद, गावाकडची ट्रंक यांबद्दल विचारलंच नाही. ती अकरा पत्रं फेब्रुवारीत हाती असती तर जुलैचा प्रसंग घडलाच नसता. आता कुठल्याही घरी गेले की चहाच्या आधी विचारते, माळ्यावर काय आहे?

गुपचूप केलेल्या बदलाला सबब नाही. आता मजकुराशेजारी रिकामा रकाना ठेवते, शंका तिथे लिहिते, आणि लिहिणाऱ्याला तो रकाना मोठ्याने वाचून दाखवते. काही जण चिडतात. चिडू देते.

वहीचं काम सुरू करण्याआधी आबांचं बोलणं रेकॉर्ड करायला हवं होतं. तोंडी सांगताना ते ‘गोळी’ कशी सांगतात, पाहिली म्हणतात की आली म्हणतात, हे तेव्हाच कळलं असतं. आता ते कळायचा मार्ग नाही, कारण पुस्तक झाल्यापासून ते छापलंय तसंच सांगतात, टिपेसकट.

आणि दोस्ताचं प्रकरण. वगळणं मला तेव्हा सुरक्षित वाटलं. पण ती सुरक्षितता आमची होती. वहिनींचा त्यात कुणी विचार घेतला नव्हता. २०२३ च्या उन्हाळ्यात आबांना एका मुलाचा फोन आला. दोस्ताचा नातू, अग्निवीर भरतीसाठी पळण्याचा सराव करत होता. पुस्तकाची एक प्रत फिरत फिरत त्यांच्या गावी पोचली होती. "आजोबांचा फोटो आहे, नाव आहे, पण त्यांच्याबद्दल एकच ओळ कशी?" त्याने विचारलं. आबा म्हणाले, "इंदूरला ये."

तो पुण्याहून रात्रीच्या बसने आला. आबांनी त्याला महूला नेऊन आणलं, घरी जेवू घातलं, तळवा दाखवला. निघताना ट्रंकेतलं पाकीट त्याच्या हातात ठेवलं. "गाडीत उघडायचं नाही. घरी गेल्यावर आजीला विचार, आबा हवालदारांनी लिहिलंय, ऐकायचंय का. हो म्हणाल्या तर तू वाचून दाखव. नाही म्हणाल्या तर चुलीत घाल."

त्यांनी काय सांगितलं ते मुलाने कळवलं नाही, आणि आबांनी त्याला विचारलेलं नाही. दुसरी प्रत ट्रंकेत आहे.